कोयना प्रकल्पावरचा ‘ड्रिल हेल्पर’ पाळीभर नेमकं काय करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबा कोयना प्रकल्पावर कामाला होते. घरातल्या जुन्या कागदांत आधी ‘ड्रिल हेल्पर’ आणि पुढे ‘खलाशी’ अशी नोंद सापडते. ही माणसं पाळीभर काय करत, त्यात कसब किती आणि अंगमेहनत किती, जीव कशात जायचा, आणि त्या कामाच्या नोंदी आज कुठे मिळतील?

धरणावरच्या लेखांत टीएमसी आणि मेगावॅट भरपूर असतात, कामगार मात्र ‘हजारो हात’ म्हणून एका वाक्यात उरकले जातात. बोगद्यात आणि भूमिगत वीजगृहात नुसत्या बळावर निभावणारं काम फार थोडं असतं. ‘हेल्पर’ हा हुद्दा पगारपत्रकापुरता होता. त्याने घोटाळा केला तर अख्ख्या पाळीचं काम वाया जायचं, कधी माणूस जायचा.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. कोयना महाबळेश्वराहून निघते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेला येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणाजवळ धरण आहे, लांबी सुमारे ८०७ मीटर, उंची १०३ मीटर. मागे शिवसागर जलाशय. पायथ्याचं छोटं वीजगृह सोडलं तर वीज मात्र डोंगरापलीकडे, कोकणात तयार होते. पहिल्या दोन टप्प्यांसाठी सह्याद्रीच्या पोटातून पावणेचार किलोमीटरच्या आसपास लांबीचा, तयार व्यास ६.४ मीटरचा बोगदा खणला. पुढे उल्लोळ विहीर, म्हणजे पाण्याचे धक्के झेलणारी उभी विहीर, तिथून खाली उतरणारे चार पोलादी दाबनळ आणि तळाशी पोफळीचं भूमिगत वीजगृह. पाण्याची झेप पावणेपाचशे मीटरच्या घरात. धरणाचं काम १९५४ ला सुरू झालं, पोफळीची वीज १९६२ पासून मिळू लागली. नंतर कोळकेवाडीचं धरण आणि अलोऱ्याचा तिसरा टप्पा, आणि १९९९-२००० मध्ये १००० मेगावॅटचा चौथा टप्पा. त्यामुळे ‘कोयनेच्या धरणावर होतो’ असं सांगणाऱ्या अनेकांची सगळी नोकरी बोगद्यात गेलेली असते, धरणाच्या भिंतीशी त्यांचा संबंध रविवारी फिरायला जाण्यापुरता.

आता ड्रिल हेल्पर. पाळी सुरू झाली की सर्व्हेवाले फेसवर, म्हणजे बोगद्याच्या आतल्या दगडी भिंतीवर, मध्यरेषा आणि परीघ रंगाने आखून देतात. सुमारे ७ मीटर रुंदीच्या फेसवर बेसाल्टमध्ये ७० ते ९० भोकं लागतात, खोली अडीच-तीन मीटर. ड्रिलरच्या हातात हवेवर चालणारं रॉक ड्रिल, त्याला टेकू म्हणून एअर लेग. हेल्परचं पहिलं काम भोकाचं तोंड धरून देणं. दगडावर फिरता दांडा घसरतो, म्हणून पहिले दोन-तीन सेंटिमीटर होईपर्यंत तो जागेवर रोखून धरावा लागतो. इथे सैल हातमोजा घातला की मोजा दांड्याबरोबर गुंडाळतो आणि बोटं जातात. अनुभवी माणूस या कामाला हातमोजा घालत नाही किंवा अगदी घट्ट घालतो.

दुसरं काम दांडे बदलण्याचं, आणि इथे हेल्परचं डोकं लागतं. एका तुकड्याचे दांडे साधारण ०.८, १.६, २.४ आणि ३.२ मीटर अशा चढत्या लांबीचे असतात आणि प्रत्येक पुढच्या दांड्याचं टोक आधीच्यापेक्षा सुमारे एक मिलिमीटरने बारीक असतं. भोक खोल जाताना टोक झिजतं, भोक अरुंद होत जातं. पुढचा दांडा तेवढ्याच किंवा मोठ्या टोकाचा दिला तर तो अडकलाच. नुसती लांबी बघून चालत नाही. धार लावून आलेला लांब दांडा कधी नव्या करकरीत टोकाचा असतो आणि आखूड दांडा झिजलेला. हेल्पर प्रत्येक भोकासाठी जुळणारा संच वेगळा लावून ठेवतो. अडकलेला दांडा सोडवायला अर्धा-पाऊण तास सहज जातो.

तिसरं काम कोनाचं. फेसच्या मध्यावरची ‘कट’ची भोकं जोडीने एकमेकांकडे झुकलेली मारतात, म्हणजे आधी मधला पाचरीसारखा तुकडा बाहेर पडतो आणि बाकीच्या दगडाला सुटायला मोकळी जागा मिळते. हा कोन चुकला तर कट ‘फ्रीज’ होतो: स्फोट होतो, दगड तडकतो आणि जागीच बसतो. सगळा मसाला, म्हणजे स्फोटकं, वाया, वर तडकलेल्या दगडात पुन्हा ड्रिल करण्याची डोकेदुखी. परिघाच्या भोकांना उलट किंचित बाहेर झुकाव द्यावा लागतो, नाहीतर पुढच्या फेरीला ड्रिल मावत नाही. झुकाव जास्त झाला तर जास्तीचा दगड निघतो आणि ती पोकळी शेवटी काँक्रीटने भरायची असते. हिशोब करून बघा: ७ मीटर व्यासाचा परीघ २२ मीटर. सगळीकडून दहाच सेंटिमीटर जादा निघालं तर दर मीटरला सव्वादोन घनमीटर, पावणेचार किलोमीटरला आठ हजार घनमीटरपेक्षा जास्त काँक्रीट. ड्रिलरच्या मागे उभं राहून दांडा मध्यरेषेला समांतर आहे की नाही हे नजरेने सांगणारा हेल्पर किती सिमेंट वाचवतो, ते यातून कळेल.

सुरुंग भरण्याचं काम परवानाधारक ब्लास्टरचं. हेल्पर कांड्या पुरवतो आणि माती ठासतो. ठासायला फक्त लाकडी दांडा, लोखंडी कधीच नाही. फेसच्या एका बाजूला ड्रिलिंग आणि दुसऱ्या बाजूला भरणं असं चालू द्यायचं नाही, कितीही घाई असली तरी. विजेवर उडणाऱ्या डेटोनेटरचा, म्हणजे मसाला पेटवणाऱ्या टोपीचा, आणखी एक धोका सह्याद्रीत खास होता: एप्रिल-मेच्या वळवात कडाडणारी वीज. रूळ, हवेचे पाइप आणि केबलमधून तो प्रवाह बोगद्यात खोलवर येतो. आत असलेल्याला बाहेर ढग आलेत हे कळतही नाही. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी एका माणसाने आभाळावर नजर ठेवायची आणि गडगडाट ऐकू आला की भरणं थांबवून सगळ्यांना बाहेर काढायचं. ही ड्यूटी बहुधा एखाद्या वयस्कर बिगाऱ्याकडे असते आणि तिला काम कोणी समजत नाही.

भोकं उडवण्याचा क्रम कटपासून बाहेर, परीघ शेवटाकडे आणि तळाची भोकं सर्वांत शेवटी. तळ शेवटी उडाला की ढीग थोडा उचलला जातो आणि भरायला सोपा पडतो. एका फेरीत अडीच-पावणेतीन मीटर प्रगती झाली तर साधारण १०० घनमीटर घट्ट दगड सुटतो. सुटा झाल्यावर तो फुगून दीडशेच्या वर जातो, वजन पावणेतीनशे-तीनशे टन.

स्फोटानंतर खरी सावधगिरी सुरू होते. धूर निघायला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. तांबूस-पिवळसर धूर दिसला तर नायट्रोजन डायऑक्साइड. हा जास्त फसवा, कारण माणूस थोडं खोकून कामाला लागतो, पाळी संपवून घरी जातो आणि रात्री फुफ्फुसात पाणी होऊन दगावू शकतो. ढिगाऱ्यात अडकलेला वायू फावडं लागल्यावर बाहेर येतो, म्हणून मक, म्हणजे फुटलेला दगड, उचलण्याआधी ढीग पाण्याने नीट भिजवायचा. हवेच्या नळाचं टोक फेसपासून फार मागे राहिलं की पंखा कितीही मोठा असो, शेवटच्या पट्ट्यातली हवा हलत नाही. स्फोटात नळ फाटेल म्हणून तो मागे ठेवायचा मोह प्रत्येक फोरमनला होतो.

यानंतर पहारवाले पुढे जातात, आणि माझ्या मते अख्ख्या बोगद्यातलं सर्वांत कसबी काम हेच. आधी छत आणि बाजू पाण्याने धुवायच्या, धुळीखाली भेगा दिसत नाहीत. दोघं जातात: एक पहार चालवतो, दुसरा दिवा धरून फक्त छताकडे बघतो. सुरुवात मागच्या पक्क्या भागापासून, म्हणजे डोक्यावर नेहमी तपासलेला दगड राहील. पहारीने छत ठोकायचं. पक्का दगड खणखणतो आणि पहारीतून हाताला झिणझिण्या येतात. सुटा दगड बद्द बोलतो. मोठ्या तुकड्याच्या बाबतीत आवाजावर भरवसा ठेवता येत नाही, कारण जाड पापुद्रा सुटलेला असूनही खणखणू शकतो. तिथे बोटांची टोकं भेगेवर ठेवून दुसऱ्याने ठोकलं तर कंप जाणवतो का ते बघतात. पहार खालून वर, तिरकी लावायची, पोटासमोर धरायची नाही. दगड निसटला की पहार झटका देते. मागे पळायची वाट आधी मोकळी करून ठेवायची.

दख्खनच्या दगडात हे काम अवघड आहे, कारण इथे लाव्हाचे थर एकावर एक आहेत. घट्ट काळा बेसाल्ट उत्तम, पण त्यात उभ्या सांध्यांचे ठोकळे असतील तर छतातून एखादा ठोकळा कसलाही इशारा न देता सटकतो. दोन थरांच्या मध्ये अनेकदा लाल मातीसारखा पट्टा येतो, ‘रेड बोल’. खणताना तो बरा दिसतो, हवा आणि पाणी लागलं की काही दिवसांत भुसभुशीत होतो आणि वरचा चांगला बेसाल्ट निराधार होतो. काही गारगोट्यांचा बेसाल्टही उघडा पडल्यावर झिजत जातो. म्हणून एकदा पहार मारली की झालं, असं नाही. पुढच्या पाळीला ड्रिलिंगआधी पुन्हा मारायची, आणि लाल पट्टा दिसला की त्यावर लगेच शॉटक्रीट (हवेच्या दाबाने फवारलेलं काँक्रीट) किंवा काँक्रीटचा थर द्यायचा. बोगद्यांतले मृत्यू लोकांना स्फोटातले वाटतात. बरेचसे होतात ते स्फोटानंतरच्या काही तासांत, छतातून पडलेल्या एखाद्या ‘छोट्या’ दगडाने. मक काढायची घाई असली की पहिला बळी पहार मारण्याच्या वेळेचा जातो.

दुसरा धोका जुन्या भोकांचा. स्फोटानंतर फेसवर भोकांचे बूड शिल्लक राहतात आणि त्यांत न उडालेला मसाला असू शकतो. नव्या फेरीचं भोक तिथेच सुरू करण्याचा मोह मोठा, कारण दांडा घसरत नाही. नियम स्पष्ट आहे: जुन्या बुडात ड्रिल घालायचं नाही. नवं भोक त्यापासून निदान ३० सेंटिमीटर दूर आणि समांतर. प्रत्येक बूड धुऊन, तपासून त्यात लाकडी खुंटी ठोकण्याचं काम पुन्हा हेल्परकडे.

धुळीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सिलिकोसिसचं, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाचं, भय बोगद्याच्या प्रत्येक कामगाराला असतं, पण बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइटच्या मानाने बरीच कमी असते. हिमालयातल्या बोगद्यांत जेवढा हा रोग झडप घालतो तेवढा इथे घालत नाही. तरी गारगोट्यांच्या थरात सिलिका असतेच आणि कोरडं ड्रिलिंग कुठेच क्षम्य नाही. कोयनेसारख्या कामातून उरलेला सर्वांत सार्वत्रिक आजार मात्र बहिरेपणा. बंद जागेत चार-सहा ड्रिल एकदम चालू असताना शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, आणि कानात कापसाचा बोळा एवढंच संरक्षण. आजोबांना उंच स्वरातलं, म्हणजे लहान मुलांचं बोलणं आधी ऐकू येईनासं झालं असेल तर त्याचं कारण हेच असण्याची शक्यता मोठी. हात पांढरे पडणं, थंडीत बोटं बधिर होणं हा ड्रिलच्या कंपनांचा परिणाम.

दाबनळांचं काम वेगळ्याच माणसांचं. वाकवलेल्या जाड पोलादी पत्र्यांचे नळ कलत्या विवरात उतरवून जोडायचे आणि मागची पोकळी काँक्रीटने भरायची. इथे वेल्डर राजा. पत्रा जाड असल्यामुळे आधी तापवावा लागतो, नाहीतर सांधा झपाट्याने थंड होऊन तडकतो. इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगच्या कांड्या, भट्टीत वाळवून गरमच वापरायचे. घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथल्या दमट हवेत तासभर उघडा राहिलेला इलेक्ट्रोड ओल धरतो, त्या ओलीतला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि तडा कधी कधी दुसऱ्या दिवशी उमटतो. वेल्डरचा हेल्पर इलेक्ट्रोडचा डबा झाकून ठेवतो की नाही, यावर पावणेपाचशे मीटर पाण्याचा दाब झेलणारा सांधा अवलंबून असतो. काँक्रीट भरून झाल्यावर दोन माणसं आतून नळाचा इंच न् इंच हातोडीने ठोकत जातात. पोकळ आवाज आला की खडूने घेर काढायचा, तिथे भोक पाडून दाबाने सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, भरायचं, पुन्हा ठोकून बघायचं. बाहेरच्या पाण्याचा दाब पोकळीत शिरला तर नळ रिकामा करताना पत्रा आत वळू शकतो. तेव्हा हे ठोकणं म्हणजे नुसता सोपस्कार नाही.

आता ‘खलाशी’. समुद्राशी संबंध नसलेल्या या नोंदीने बरेच जण गोंधळतात. प्रकल्पांवर खलाशी म्हणजे जड यंत्रं हलवणारा: विंच, चेन पुली, जॅक, लाकडी स्लीपर आणि वायर रोप ही त्याची हत्यारं. त्याचे नियम थोडे, पण मोडले की सुटका नाही. जॅकने थोडं उचला, लगेच खाली लाकूड सरकवा, मग पुढे उचला. वजन फक्त जॅकवर कधी सोडायचं नाही. क्रेनला इशारा एकच माणूस देणार. आणि स्लिंगचा कोन: दोन पायांची स्लिंग जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक पायावर निम्मा नव्हे, पूर्ण भार येतो. हे सूत्र वहीत न लिहिता खलाशी ‘दोर चपटा झाला, उंच बांध’ एवढंच म्हणतो. अर्थ तोच.

त्यांची परीक्षा रोटर उतरवताना. शंभर टनांहून जड रोटर, म्हणजे जनित्राचा फिरणारा भाग, क्रेनला टांगलेला, खाली स्टेटरचं, म्हणजे स्थिर भागाचं, गोल पिंप, आणि दोघांमध्ये चहूबाजूंनी काही मिलिमीटरांची फट. परिघावर ठरावीक अंतरावर माणसं उभी राहतात, प्रत्येकाच्या हातात फटीत सोडलेली पातळ लाकडी पट्टी. रोटर इंचाइंचाने उतरत असतो आणि प्रत्येक जण आपली पट्टी सतत वर-खाली करत राहतो. पट्टी अडली की तो ओरडतो, क्रेन थांबते, रोटर किंचित सरकवतात, पुन्हा सुरू. इथे हात जरा वेळ थांबवणारा, किंवा ‘थोडीशीच अडतेय’ म्हणून गप्प बसणारा माणूस वाइंडिंगचं, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांचं, वाटोळं करू शकतो. यंत्र मध्यावर आणण्यासाठी फिटर वरून पियानोची तार सोडत. टोकाला वजन, ते तेलाच्या डब्यात बुडवलेलं, म्हणजे तार झुलत नाही. मायक्रोमीटरचं टोक तारेला टेकलं की विजेचं मंडल पूर्ण होऊन कानाच्या हेडफोनमध्ये ‘कट्’ असा आवाज येतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचं मोजमाप असं कानाने घेतलं जायचं. लेसर आल्यावरही ही पद्धत जुन्या फिटरांनी सोडली नाही, आणि त्यात त्यांचं चुकलं असं वाटत नाही.

धरणाच्या भिंतीबद्दल थोडक्यात. कोयना रबल काँक्रीटचं धरण आहे: काँक्रीटच्या थरात मोठे दगड रोवायचे, वर पुन्हा काँक्रीट, मग व्हायब्रेटर. सिमेंट वाचतं, उष्णता कमी निर्माण होते, पण माणसं भरपूर लागतात. दगड रोवण्याआधी घासूनपुसून धुवायचा. मातीचा पातळ थर राहिला तरी काँक्रीट त्याला धरत नाही आणि पुढे तिथून पाझर सुरू होतो. दगडाला दगड टेकता कामा नये, मध्ये काँक्रीट शिरायला जागा हवी. एक थर झाल्यावर काही तासांनी, काँक्रीट पुरतं कडक होण्याआधी, हवा-पाण्याच्या फवाऱ्याने वरचा दुधाळ कमकुवत पापुद्रा काढायचा. लवकर मारला तर खडी उचकटते, उशीर झाला तर टाकीने खरवडत बसावं लागतं. वेळ ठरवणारा मुकादम घड्याळ बघत नाही, बुटाच्या टाचेने दाबून बघतो. धुणं, गोणपाट ओलं ठेवणं, खडी निवडणं ही कामं महाराष्ट्रातल्या धरणांवर मोठ्या प्रमाणात बायकांनी केली आहेत. मजुरी पुरुषांपेक्षा कमी, आणि मस्टरवर नाव नवऱ्याच्या जोडीने. दगडफोडीत वडार समाजाची कुटुंबंच्या कुटुंबं. भिंतीचं काम पावसाळ्यात थंडावायचं, बोगद्याचं बारमाही चालायचं. त्यामुळे हंगामी मजूर भिंतीवर आणि कायम टिकणारा बोगद्यात, अशी विभागणी आपोआप व्हायची. बुडालेल्या गावांतल्या कित्येकांनी याच कामावर रोजंदारी केली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण पुढे कित्येक दशकं चाललं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची वसाहत कोसळली. धरण उभं राहिलं, पण ज्या उंच भागावरून पाणी सोडत नाहीत तिथे, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जलाशयाच्या विरुद्ध बाजूच्या उताराचा कोन बदलतो त्या पातळीला भेगा गेल्या. दुरुस्तीत भेगांत इपॉक्सी भरलं, माथ्यावरून ताणलेल्या केबल घातल्या आणि त्याच बाजूला काँक्रीटचे जाड आधार बांधले. सांडव्याच्या भागाचं बळकटीकरण २००६ पर्यंत चाललं. इपॉक्सीचं काम सोपं दिसतं. भेग बाहेरून लिंपून ठरावीक अंतरावर तोट्या बसवायच्या, तळापासून भरत जायचं, वरच्या तोटीतून रसायन बाहेर आलं की खालची बंद करून वर सरकायचं. मिसळल्यावर ते काही मिनिटंच पातळ राहतं आणि उन्हात आणखी लवकर घट्ट होतं. जास्त कालवलं की डब्यातच दगड. त्यातल्या हार्डनरने, म्हणजे घट्ट करणाऱ्या रसायनाने, कातडी सोलवटते आणि एकदा ॲलर्जी झाली की माणसाला त्या कामावर परत घेता येत नाही.

चौथ्या टप्प्यात १३ मार्च १९९९ ला जलाशय न रिकामा करता खालून छेद दिला, त्याला लेक टॅपिंग म्हणतात. दुसरं २५ एप्रिल २०१२ ला झालं. पद्धत नॉर्वेत रुळलेली. बोगदा खालून तलावाच्या दिशेने नेतात आणि शेवटी दगडाची बुचासारखी भिंत ठेवून ती एका स्फोटात उडवतात. पडणारा दगड साठवायला आधीच खड्डा खणलेला असतो. जसजसा तलाव जवळ येतो तसतशी फेरी आखूड करायची आणि प्रत्येक फेरीआधी पुढे लांब शोधभोकं मारायची. हेल्पर त्यातून येणारं पाणी डब्याने, घड्याळ लावून मोजतो. मिनिटाला अमुक लिटरपेक्षा जास्त आलं तर पुढे जाणं बंद, आधी ग्राउटिंग. शेवटच्या भरणीला दुसरी संधी नसते, म्हणून डेटोनेटरची दुहेरी मंडलं, पाण्यात टिकणारा मसाला आणि प्रत्येक जोडाची दोघांकडून वेगवेगळी तपासणी.

नोंदी शोधण्याबद्दल. आधी एक ठरवा: आजोबा सरकारी आस्थापनेवर होते की ठेकेदाराकडे? कागदावर विभागाचं किंवा उपविभागाचं नाव आणि शिक्का असेल तर सरकारी. सरकारी कामगार आधी रोजंदारीवर, मस्टरला, म्हणजे हजेरीपत्रकावर, असत. रोजंदारी कामगारांच्या सेवेबद्दलच्या कालेलकर निवाड्यानंतर, १९६७ पासून, सलग पाच वर्षं भरलेल्यांना रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर घेतलं गेलं. लोक त्याला ‘सीआरटी’ म्हणतात. ‘ड्रिल हेल्पर’चा ‘खलाशी’ बहुधा याच वळणावर झाला असावा, कारण बोगदा संपला की ड्रिलचं काम संपतं आणि मंजूर पदांत खलाशी असायचा. सीआरटीवर गेलेल्याचं सेवापुस्तक असतं. ते जलसंपदा विभागाच्या, म्हणजे जुन्या पाटबंधारे खात्याच्या, ज्या विभागातून ते निवृत्त झाले तिथे मागा, कोयनेतच असेल असं धरू नका. बांधकामानंतर वीजगृहात गेले असतील तर नोंद विद्युत मंडळाकडे, आता महानिर्मितीकडे. मस्टर ठरावीक काळानंतर नष्ट करतात, त्याच्या मागे फार लागू नका. ठेकेदाराच्या माणसाचं सेवापुस्तक नसतं. अपघात झाला असेल तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखालचं प्रकरण त्या कायद्याखालच्या आयुक्तांकडे सापडण्याची शक्यता तेवढी असते. आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला ही निराळी गोष्ट, तो जमीन गेल्याचा पुरावा आहे आणि जिल्हा पुनर्वसन कार्यालयाशी संबंधित आहे. कामाच्या नोंदीसाठी तिथे चकरा मारून काही मिळत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना दहा रुपयांचं शुल्क, एकच विषय आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे दीडशे शब्दांची मर्यादा. त्यात पूर्ण नाव, मूळ गाव, हुद्दा, कागदावरचा विभाग आणि निवृत्तीचं साल द्या आणि ‘सेवापुस्तकाच्या पहिल्या व शेवटच्या पानांची प्रत’ असं नेमकं मागा. ‘सर्व माहिती द्यावी’ लिहिलं की अर्ज परत येतो. पेन्शन चालू होती तर पेन्शनच्या आदेशावर कार्यालयाचं नाव असतं, ते आधी बघून घ्या.